साहेबाच्या ‘ओके’चं गाव

“एका शब्दाचे चार अर्थ सांगतोस? मला काय दूधखुळा समजलास?”

चिंचोडी संस्थानचे भुजंगराव महाराज असे कडाडले, की दरबाऱ्यांनी माना खाली घातल्या. समोर उभा होता सटवाजी हुजऱ्या. छावणीत गोऱ्यांना चहा देता देता तो इंग्रजी बोलायला शिकला होता. त्यामुळे विजेचे दिवे बसवायला अमेरिकेहून बेकरसाहेब आला, तेव्हा सटवाजी फुकटचा दुभाषा झाला.

सगळी भानगड केली त्या साहेबाच्या ‘ओके’नं. जेवण कसं झालं विचारलं, तर साहेब म्हणाला, “ओके.” सटवाजीनं सांगितलं, “बरं झालं म्हणतात.” दिवाळीच्या आत दिवे लावा म्हटलं, पुन्हा “ओके.” “होय म्हणतात.” महाराजांचा हत्ती तारा तुडवून गेला, तर साहेब हात झटकून म्हणाला, “ओके, ओके!” “असू द्या म्हणतात.” मग महाराज शिकारीच्या गोष्टी सांगायला बसले. संपेचनात, तेव्हा साहेब उठत म्हणाला, “ओके!” सटवाजी पडला प्रामाणिक. त्यानं सांगून टाकलं, “आता पुरे म्हणतात.”

तिथंच घात झाला!

“उद्या दरबारात या शब्दाचा एकच अर्थ सांगायचा,” महाराज गरजले, “आणि तो कुठल्या गावचा, तेही! नाही तर बायकोपोरांसकट संस्थानाबाहेर चालता हो!”

सटवाजी धावत साहेबाकडे गेला. साहेबानं डोकं खाजवलं. “आमच्याकडंच यावरून वाद आहेत, बाबा. कुणी म्हणतं वर्तमानपत्रवाल्यांनी ‘सगळं बरोबर’ हे गमतीनं मुद्दाम चुकीचं लिहिलं, त्यातून आला. कुणी म्हणतं मूळ रहिवाशांच्या बोलीतून आला. कुणी म्हणतं एका पुढाऱ्याच्या गावावरून.”

“मग मी महाराजांना सांगू काय?”

“ओके, ओके!” असं म्हणून साहेबानं त्याची पाठ थोपटली आणि तारा ओढायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. चिंचोडीचा रिवाज असा, की राजानं गादीवर बसताच आधी विडा खायचा. सटवाजीनं विडा तोंडात जाऊ दिला, मग पुढे झाला.

“सरकार, बोलू का?”

“हं.”

“बोल म्हणतात. सरकार, हत्तीखान्याचा खर्च निम्मा करायचं दिवाणजींनी ठरवलंय म्हणे!”

“हं?” महाराजांच्या भुवया चढल्या.

“कुणाला विचारून, म्हणतात. चेष्टा केली, सरकार!”

“हंऽऽ!”

“पुन्हा करशील तर याद राख, म्हणतात. बरं सरकार, त्या शिकारीच्या गोष्टीतला वाघ दर खेपेला जरा वाढतो—”

“हं हं हं!”

“हा विषय बंद, म्हणतात!”

दरबारात खसखस पिकली. महाराजांनी घाईघाईनं पिकदाणी ओढली. “गाढवा!”

“एकही अर्थ चुकला असेल, तर हा निघालो, सरकार!”

महाराजांनी ओठ पुसले. “चुकला नाही. पण गाव? गाव सांग!”

“सांगतो की! आधी सरकारांच्या ‘हं’चं गाव कळावं.”

महाराज काही बोलणार, तोच पडद्याआडून मासाहेबांचा आवाज आला, “आमच्या माहेरचं! आमचे आबासाहेब अस्संच म्हणायचे.”

“काहीतरीच वहिनीसाहेब!” आत्यासाहेब उसळल्या. “ते आमच्या घराण्याचं!”

“मेलं घराणं!” म्हातारी दाई मध्येच ओरडली. “पाळण्यात हुंकार द्यायला मी शिकवलं!”

पडद्याआड अशी जुंपली, की चोपदाराला काठी आपटावी लागली. सटवाजीनं मुजरा केला.

“सरकार, आपल्या ‘हं’ला एका पडद्याआड तीन गावं निघाली. साहेबाचं ‘ओके’ तर सात समुद्रांपलीकडचं! मी एकट्यानं कुठं कुठं हिंडायचं?”

महाराज खो खो हसत सुटले. हसता हसताच त्यांनी दुसरा विडा तोंडात टाकला, सटवाजीकडे बोट केलं आणि खजिनदाराला म्हणाले, “हं!”

खजिनदार गोंधळून सटवाजीकडे बघू लागला.

“सोन्याचं कडं, म्हणतात,” सटवाजी म्हणाला. “आणि दुभाष्याची कायमची नोकरी!”

महाराजांना हसू इतकं अनावर झालं, की नाही म्हणायलासुद्धा तोंड उघडता येईना!