पिशवी आत आणू नये

उद्यानाच्या फाटकावरच्या पाटीचा रंग अजून ओला होता. ‘पिशवी आत आणू नये. हुकमावरून, अध्यक्ष.’ आतल्या कचरापेट्याही शोभा जाते म्हणून काढलेल्या. माझ्यामागे बालवाडीची बावीस मुलं आणि काखेत घडी घातलेली चादर.

चादर अंथरली. मुलांनी खिशांतून आणलेली मोसंबी खाल्ली, शेंगा फोडल्या. मग मी कडेतली नाडी ओढली. चारी बाजू वर आल्या आणि टरफलांसकट चादरीची पिशवी झाली.

परतताना फाटकाला कुलूप. “सोपानकाका, उघडा ना!” मी दोनदा हाक मारली. रखवालदार सोपानकाका जागचे हलेनात, कारण शेजारी अध्यक्ष खर्डेकरसाहेब उभे होते.

“बाई, ही पिशवी!”

मी अशी दचकले की नाडी सुटतासुटता राहिली. “साहेब, आत आणली तेव्हा चादर होती.”

“आता पिशवी आहे ना? नियम म्हणजे नियम! उद्यापासून तुमच्या बालवाडीला उद्यान बंद.”

मुलांकडे बघवेना.

“चुकलंच माझं,” मी म्हणाले. “लगेच परत चादर करते.” त्यांच्या पांढऱ्याशुभ्र बुटांपाशी बसून मी नाडी सैल करू लागले. दोन साली बुटांवर घरंगळल्या.

“अहो, थांबा! न्या ती बाहेर!”

“आणि उद्या, साहेब?”

साहेबांनी बूट झटकला. “उद्याही... चादरच आणा.”

“सोपानकाका!” मी तिसऱ्यांदा हाक मारली.

“आलो, बाई, आलो!”