हात मागं

“आणि किती महिन्यांत हाडं पहिल्यासारखी होतील?”

इलाही वस्तादांनी मान वर केली नाही. ते आखाड्याच्या तांबड्या मातीत ताक शिंपत होते.

“पहिल्यासारखी म्हणजे कधीसारखी, बाई?”

शकुंतला मगदूम आखाड्याच्या कडेला उभ्या होत्या. चौतीस वर्षं शाळेत प्रश्न विचारण्यात गेली होती, त्यातली अकरा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत. प्रश्नाला उलटा प्रश्न ऐकायची त्यांना सवय नव्हती.

वय सदुसष्ट. उन्हाळ्यात पाण्याची बादली उचलताना मनगट मोडलं होतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हाडं ठिसूळ झालीत. औषधं घ्याच, पण वजनं उचलायलाही शिका, मात्र जाणत्या माणसाकडं. मिरजेत भर दुपारी, पैलवान पोरं घरी गेल्यावर, वयस्कर माणसांना तालमीत घेणारे हे एकच वस्ताद होते. ते स्वतः अठ्ठ्याहत्तर वर्षांचे.

“मला लवकर ताकद हवीय,” बाई म्हणाल्या. “आमच्या ह्यांना उचलावं लागतं.”

“काय झालंय अण्णांना?” बाईंच्या नवऱ्याला वस्ताद ओळखून होते.

“अर्धांगवायू. उजवी बाजू. दीड वर्ष झालं.”

वस्तादांनी हात धुतले. कोपऱ्यातलं लाकडी स्टूल पुढं ओढलं.

“बसा.”

बाई बसल्या.

“आता उठा. हात न टेकता.”

“वस्ताद, मी वजनं उचलायला आलेय. उठबस मला येते.”

“मग उठा की.”

बाईंनी छातीवर हात बांधले. अर्ध्यापर्यंत आल्या… आणि परत स्टुलावर आपटल्या. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा हात आपोआप स्टुलाच्या कडेला गेला.

तालमीत दुसरं कुणी नव्हतं. तरी बाईंचे कान तापले.

“उद्या या,” वस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. अपमान गिळून आल्या, पण आल्या.

तीन आठवडे नुसतं स्टूल. मग भिंतीला हात लावून रेटा देणं. मग टाचा उचलणं. मग मातीनं भरलेली कापडी पिशवी, दोन किलोची. ती जमिनीवरून कशी उचलायची, कंबर कुठं वाकवायची, श्वास कुठं सोडायचा, सगळं पुन्हा पुन्हा. बाई घाई करायच्या. वस्ताद पिशवी काढून घ्यायचे.

“मी म्हातारी आहे, म्हणून तुम्ही मला जपता,” एकदा त्या चिडून म्हणाल्या.

“न्हाई. जपलं असतं तर पिशवी दिलीच नसती.”

“मग एवढं हळू का?”

“हाडाला काम लागतंय, बाई. काम नसलं की ते खंगतंय. आणि एकदम काम टाकलं की मोडतंय. आता तुम्ही सांगा, किती हळू?”

बाई कंबरेतून वाकल्या. त्यांनी पिशवी उचलली.

सहा महिने गेले. पिशवी बारा किलोची झाली. जिना चढताना कठडा धरणं सुटलं. एका दुपारी बाईंनी पिशवी छातीशी घेऊन आखाड्याला दोन फेऱ्या मारल्या आणि खाली ठेवली. चेहऱ्यावर शाळेचा निकाल चांगला लागल्यावर यायचं तसं हसू होतं.

“आता ह्यांना पलंगावरून खुर्चीत मी एकटी घेते. त्यांचं करायला कामवाली ठेवली होती, तिला रजा दिली. घासही मीच भरवते. त्यांना बोटसुद्धा हलवावं लागत नाही.”

“बरं.”

“पण वस्ताद…” हसू थांबलं. “मला एक कळत नाही. मी जसजशी बळकट होतेय, तसतसे ते हलके होत चाललेत. परवा उचलताना वाटलं… हातात काही नाहीच.”

वस्तादांनी हातांची माती झटकली.

मग त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली.

“चला. तुमच्या घरी.”

अण्णा मगदूम खिडकीशी खुर्चीत होते. आयुष्यभर एसटीच्या स्टँडवर बसगाड्या सोडण्याचं काम केलेला माणूस. आता डावा हातही मांडीवर तसाच पडलेला, कुणीतरी तिथं ठेवून विसरल्यासारखा. वस्तादांना पाहून त्यांनी नुसती मान हलवली.

“अण्णांना उभं राहायला डॉक्टरांनी मना केलंय?” वस्तादांनी विचारलं.

“नाही. उलट रोज उभं करा म्हणतात. पण फार धडपडतात हो. मला बघवत नाही.”

“आज तुमचा व्यायाम इथं. असं उभं राहायचं.” वस्तादांनी आपले दोन्ही हात पाठीमागं बांधून दाखवले. “हात मागं. मी सांगेपर्यंत सोडायचे न्हाईत.”

“एवढंच?”

“एवढंच.”

वस्ताद अण्णांच्या समोर गेले. त्यांच्या उजव्या गुडघ्याला आपला गुडघा टेकवून पाय रोवून उभे राहिले.

“अण्णा, उठायचं.”

अण्णांनी बायकोकडं पाहिलं. बाई पुढं झाल्या.

“हात मागं, बाई.”

अण्णांनी डावा हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. दंड थरथरला. पाठ सुटली… आणि ते परत बसले.

दुसऱ्यांदा कपाळावर घाम आला. तोंड वाकडं झालं. घशातून एक आवाज निघाला. बाईंनी मागं एका मुठीनं दुसरं मनगट आवळून धरलं होतं. मोडलं होतं तेच मनगट. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही हात मोकळा नव्हता.

“वस्ताद, पुरे…”

वस्तादांनी ऐकलं नाही.

तिसऱ्यांदा अण्णा उठले. पूर्ण नाही, गुडघे वाकलेलेच. पण खुर्ची आणि त्यांच्यामध्ये वीतभर उजेड दिसला. एक… दोन… तीन… मग ते धप्पकन बसले. धाप लागली होती.



मग अण्णांचे ओठ हलले. शब्द जड होता, पण कळला.

“अ…जून.”

दोन वर्षांत त्यांनी काही मागितलं नव्हतं.

दाराबाहेर वस्ताद चपला घालत होते. बाई मागून आल्या. आवाज रागानं कापत होता, की आणखी कशानं, त्यांचं त्यांनाच कळेना.

“आणि ते पडले असते तर?”

“तर उचलायचं. ताकद कशाला कमावलीय, बाई?”