दोराचं दुसरं टोक

फार फार वर्षांपूर्वी, मासे माणसांशी बोलायचे पण माणसं ऐकायची नाहीत, त्या काळात एका खाडीच्या तोंडाशी एक बंदर होतं. तिथे जकात नव्हती. कुठल्याही मुलखाचं जहाज यावं, माल उतरवावा, कोणी काही विचारायचं नाही.

वारा पडला की खलाशी आठ-आठ दिवस अडकून बसायचे. म्हणून कोणीतरी त्यांच्यासाठी कवड्या खेळायची एक झोपडी घातली. झोपडीचं घर झालं, घराचा टेकडीवर महाल झाला. मग लोक माल आणायचे बंद झाले आणि नुसते खेळायला येऊ लागले. होडीवाल्यांनी होड्या सोडल्या, आगरवाल्यांनी मिठागरं सोडली. न्हावीसुद्धा वस्तरा ठेवून महालात कवड्या पुसायला लागला. गावभर दाढ्या वाढल्या, पण पोटं भरलेली होती, त्यामुळे कोणी तक्रार केली नाही. धक्क्यावर जहाजं बांधायचे दगडी खुंटे होते, ते उपटून महालाच्या दारात उभे केले. तिथे ते छान दिसायचे.

राहिली एकटी अंबूकाकी. ती काथ्याचे दोर वळायची.

आता दोर काही एकट्याने वळता येत नाही. एका टोकाला एकाने पीळ द्यायचा, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याने ताण धरायचा. अंबूकाकीच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा असायचा. एक दिवस तो "आलोच" म्हणून महालात गेला. त्याला बारा वर्षं झाली. तो तिथेच कवड्या वाटायचा. रस्त्यात भेटला की आजही "आलोच" म्हणायचा.

मग काकी दुसरं टोक माडाला बांधायची, इकडे पीळ द्यायची, धावत तिकडे जाऊन गाठ आवळायची, धावत परत यायची. दिवसाला वीतभर दोर व्हायचा. पण असा व्हायचा की हत्तीने ओढला तरी तुटू नये.

एकदा बातमी आली, की पलीकडचा राजा स्वतःचा कवड्यांचा महाल बांधतोय. नगरशेठने सभा बोलावली.

"एकाच धंद्यावर गाव किती दिवस चालवायचं?" नगरशेठ म्हणाला. "दुसरा धंदा पाहिजे."

"दोराचा काढा," अंबूकाकी म्हणाली. "जहाज आहे तोवर दोर लागणार. मला फक्त दुसऱ्या टोकाला एक माणूस द्या."

"काकी, असं एकदम कसं ठरवणार? आपल्यात काही रीत आहे की नाही?"

रीत अशी होती, की गावाचा कुठलाही निर्णय कवड्या टाकून व्हायचा. टाकल्या. दान दोराचंच पडलं. अंबूकाकी रडली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात चाळीस माणसं हजर. काकीने त्यांना नारळाची सोडणं कुजवायला शिकवलं, कुटायला शिकवलं, पीळ द्यायला शिकवलं. चार दिवस सगळं नीट चाललं.

पाचव्या दिवशी एकाने विचारलं, "काकी, यातला आधी कुठला तुटेल?"

"एकही नाही तुटणार, मेल्या."

"मग मजा काय?"

झालं. पैजा सुरू झाल्या. चांगला दोर तुटेना, म्हणून लोकांनी पीळ कमी केला. मग काथ्या कमी केला. मग पाहुण्यांना बसायला माच बांधले. दिवसाला चाळीस दोर तुटायचे आणि प्रत्येक दोराला टाळ्या पडायच्या.

"बघ काकी," नगरशेठ म्हणाला, "आता आपले दोन धंदे झाले."

"शेठ, हा तोच धंदा आहे."

"तोच कसा? तो कवड्यांचा, हा दोराचा!"

पलीकडचा महाल बांधून झाला. तो मोठा होता आणि तिथे जेवण फुकट होतं. इकडे पाहुणे यायचे बंद झाले. गावाने दोर विकायला काढले. एक व्यापारी आला, त्याने एक दोर हाताने ओढला, त्याचे दोन तुकडे नीट घडी करून परत दिले आणि निघून गेला.

उपास पडायला लागले. शेवटी सगळं गाव उरलेल्या एकुलत्या एका जहाजात चढलं. पलीकडच्या महालात कवड्या पुसायला माणसं लागत होती.

"काकी, चल की!"

"दोर अर्धा राहिलाय माझा," ती म्हणाली.

जहाज धक्क्याजवळ नांगर टाकून उभं होतं. शिडं अजून चढायची होती. ओहोटीला जोर होता आणि नांगराचा दोर गावातलाच होता. जहाजावर लगेच पैज लागली. सगळ्यांनी तिसऱ्या लाटेवर लावलं. दोर दुसऱ्या लाटेला तुटला, त्यामुळे कोणीच जिंकलं नाही.

जहाज खाडीच्या तोंडावरच्या खडकांकडे सरकायला लागलं. अंबूकाकी आपला दोर घेऊन धावली. तिने त्याचं एक टोक भिरकावलं आणि जहाजावर एकाने ते झेललं. तो तिचा नवरा होता.

"आलोच!" तो ओरडला.

बारा वर्षांनी दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस होता. त्याच्यामागे सगळं गाव दोर धरून उभं होतं. या टोकाला मात्र अंबूकाकी एकटी. दोर बांधायला धक्क्यावर काही नव्हतं. खुंटे टेकडीवर, महालाच्या दारात, छान दिसत होते.

"तुटणार!" जहाजावरून पैजा लागल्या.

"नाही तुटायचा," नवरा एकटाच म्हणाला. "तिचा आहे तो."

आणि खरंच, दोर तुटला नाही. अंबूकाकीचे हात सुटले.

पैज नवरा जिंकला. खडकांवर जहाज आपटल्याचा आवाज आला, मग तोही थांबला. अंबूकाकी सोललेले तळवे घेऊन धक्क्यावर बसून राहिली. तिचा दोर भरतीबरोबर परत आला, अख्खा, ओला.

यातून घ्यायचं ते एवढंच: जुगारी गावाने दुसरा धंदा काढला तरी त्याचाही जुगारच होतो, आणि बुडताना नुसता दोर असून भागत नाही, काठावर माणसं लागतात.