नटलेला गळ

समुद्राला लागून असलेल्या एका गावात एक गळ बांधणारा राहत होता. नाव त्याचं रवळू. हाताला गुण असा की बघत राहावं, आणि जिभेला खोड अशी की 'नाही' हा शब्द तिच्यावरून कधी खाली उतरलाच नाही. शेजारणीने विळी मागितली आणि घरात विळी नसली, तर रवळू दुसऱ्या शेजारणीकडून मागून आणायचा आणि पहिलीला द्यायचा. दुसरी मग रवळूच्या बायकोशी भांडायला यायची. ती बायको, मथुरा, अशी भांडणं निस्तरता निस्तरता जेरीला आली होती.

त्या गावचे लोक खोल समुद्रात जाऊन कुपे धरायचे. कुपा हा मोठा तालेवार मासा. बसल्या जागी मिळालेला तुकडा त्याला रुचत नाही. त्याला पळता मासा हवा. म्हणून गळाला पिसं बांधायची, आणि शीड फुगवून धावणाऱ्या होडीमागे लांब दोरीने तो गळ ओढत न्यायचा. पिसं पाण्यात अशी थरथरली पाहिजेत की कुप्याला वाटावं, थव्यातून चुकलेली इवली तारली मासळी जीव घेऊन पळते आहे. हे काम रवळूसारखं कुणाला जमत नसे. पांढऱ्या कोंबड्याची मोजकी पिसं, मेण लावलेला दोरा आणि डोक्याशी शिशाचा मणी, एवढाच त्याचा गळ. हातात घेतला तर भांडी घासायचा कुंचा वाटायचा. पाण्यात गेला की मात्र मासा व्हायचा.

गावात एक रीत होती. नारळी पौर्णिमेचा नारळ सोडला आणि समुद्र निवळला, की कुप्यांसाठी पहिल्या दिवशी एकच होडी जायची. तिच्यामागे एकच गळ, आणि तो बांधणारा स्वतः होडीत. होडी परतली की किनाऱ्यावर गावचे मुख्य मानकरी, गावकर, सगळ्यांसमोर त्याला विचारायचे, मासा कोणत्या गळाला लागला? तो जो गळ उंच धरून दाखवील, त्याच बांधणीचे गळ त्या हंगामात सगळ्या होड्यांनी लावायचे. म्हणजे भांडण नको. होडी रिकामी आली, तर मात्र हंगामाचे गळ खाडीपलीकडच्या गावातून आणायचे. तिथे एक खत्रूड म्हातारा गळ बांधत असे. तो कुणाशी धड बोलत नसे, आणि रवळूच्या गळांना तर 'पिसारलेली कोंबडी' म्हणत असे. त्यामुळे पहिल्या दिवशी रवळूचं हातचं काम आणि गावातली पत, दोन्ही त्या एका दोरीला टांगलेलं असायचं.

त्या वर्षी रवळू पडवीत गळ बांधायला बसला होता, तेव्हा शिंपी तिथून चालला होता. शिंपी थांबला. गळ बघून त्याने तोंड वाकडं केलं. एवढ्या मानाचा गळ आणि असा विधवेच्या कपाळासारखा? त्याने घरी जाऊन जरीचा तुकडा आणला. रवळूला माहीत होतं की जरतार पाण्यात जड होते आणि पिसांना थरथरू देत नाही. पण शिंपी बिचारा मुद्दाम घरी जाऊन घेऊन आला होता. रवळूने जरतार बांधली.

ही बातमी देवळात पोचायला वेळ लागला नाही. गुरवाला वाटलं, शिंप्याची जरतार चालते, तर देवाघरचं मोरपीस का नको? रवळूने मोरपीस बांधलं. मोरपीस बघून कासाराने काचेचे मणी ओवून दिले. शेवटी खुद्द गावकर काठी टेकत आले आणि त्यांनी आपल्या झुंजीच्या कोंबड्याचं तांबडं शेपटीचं पीस पुढे केलं. तो कोंबडा म्हणजे गावकरांचा जीव की प्राण. ते पीस नाकारायचं म्हणजे कोंबड्याचा अपमान, आणि कोंबड्याचा अपमान म्हणजे गावकरांचा. रवळूने तेही बांधलं.

आता तो गळ दशावतारातल्या राजाच्या मुकुटासारखा दिसायला लागला. गाव बघायला लोटलं. जो तो गळ हातात घेऊन हवेत हलवायचा आणि मान डोलवायचा. मथुरा दारात उभी राहून हे बघत होती. लोक पांगल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "ह्यो गळ पाण्यात टाकूचो आसा की देवळात टांगूचो?"

रवळू म्हणाला, लोकांनी प्रेमाने दिलंय. मथुरेने भीड भिकेची बहीण असते, एवढं ऐकवलं आणि ती चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी होडी निघाली. तांडेल होता मथुरेचा भाऊ धाकू. होडी हाकण्यात वाकबगार आणि बोलण्यात अगदी काटकसरी. खोल पाण्यात आल्यावर रवळूने हात जोडले आणि गळ सोडला. गळ पाण्यात बुडेचना. मोरपिसात वारा भरला आणि तो लाटांवरून टणाटण उड्या मारत येऊ लागला. होडीने वेग धरला तसा गळ भिंगरीसारखा फिरला आणि दोरीला पीळ बसला. तेवढ्यात दोरीला जोराचा हिसका बसला. रवळूने हर्षाने दोरी ओढली. दुसऱ्या टोकाला एक घार होती. ती तांबड्या पिसावर चोच मारून, पस्तावून निघून गेली.

सगळ्या बाजूंनी कुपे उसळत होते. तारल्यांच्या थव्यात घुसून पाणी फेसाळून टाकत होते. या गळाजवळ एकही फिरकला नाही. एक तर अगदी जवळ आला, त्याने बघितलं आणि पाठ फिरवली. चुकून भलत्याच लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा तो निघून गेला. रवळूच्या कपाळावर घाम आला. म्हातारा खाडीपलीकडे बसून कसा हसेल, ते त्याला दिसायला लागलं.

धाकूने उन्हाकडे बघितलं. वारा फिरला की परतावं लागणार होतं.

"भावोजी," तो म्हणाला, "शिंप्याचा तोंड तुमका दिसता. माशाक नाय."

रवळूने गळ वर घेतला. जरतार सोडताना त्याला शिंप्याचा चेहरा आठवला, आणि तांबडं पीस उपटताना गावकरांचा. तरी एकेक करून सगळं सुटलं. त्याने ते मांडीवरच्या पंच्यात बांधून ठेवलं. उरला तो पांढरा कुंचा. तो पाण्यात गेला, किंचित खाली बसला आणि जीव घेऊन पळू लागला. होडीने धड वळणही घेतलं नसेल, तोच दोरी ताडकन ताणली गेली. दोघांनी मिळून ओढता ओढता हात सोलून निघाले, तेव्हा कुठे तो कुपा होडीत आला. असा टणक, निळा, गोल गरगरीत मासा त्या गावाने कित्येक हंगामांत बघितला नव्हता. रवळूच्या डोळ्यांत पाणी आलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण किनारा दिसू लागला आणि किनाऱ्यावर उभे असलेले शिंपी, गुरव, कासार आणि कोंबडा काखेत घेतलेले गावकर दिसू लागले. रवळूने पंचा सोडला आणि भराभर सगळं परत बांधायला घेतलं.

"ह्या काय करतास?" धाकूने विचारलं.

"माणसां वाईट मानतली," रवळू म्हणाला.

होडी लागली. मासा बघून गाव हरखलं. गावकरांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, मासा कोणत्या गळाला लागला? धाकूने मेहुण्याकडे बघितलं. मथुरेनेही बघितलं. रवळूच्या तोंडापर्यंत खरी गोष्ट आली होती. पण समोर शिंपी इतका हसत होता, आणि कोंबडासुद्धा मान ताठ करून बघत होता. रवळूने नटलेला गळ उंच धरला आणि म्हणाला, "ह्येकाच. सगळ्यांनी मिळान केल्लो."

गावाने त्याला खांद्यावर घेतलं. शिंपी म्हणाला जरीची करामत, गुरव म्हणाला मोरपिसाची, आणि कासार दोघांकडे कीव करून हसला. रीतीप्रमाणे सगळ्या होड्यांना तसेच गळ लागले. गावातले मोर लंडुरे झाले आणि गावकरांचा कोंबडा शेपटीविना झुंजीला जायला लाजू लागला.

सगळ्या होड्या रिकाम्या आल्या. पुन्हा गेल्या आणि पुन्हा रिकाम्या आल्या. घराघरांत नुसत्या भाताचे डोंगर आणि सोलकढी. शेवटी पोरं रडायला लागली तेव्हा रवळू धीर करून पारावर गेला आणि त्याने खरं काय ते सांगितलं.

कुणाचाच विश्वास बसला नाही. गावकर म्हणाले, आमच्या डोळ्यांदेखत तू गळ दाखवलास, आता फिरतोस काय? धाकूने साक्ष दिली, तर लोक म्हणाले, हा बोलून चालून बायकोचा भाऊ, हा दुसरं काय सांगणार. शिंप्याचं तर ठाम मत पडलं की मासा येत नाही, कारण जरतार कमी पडते. दुप्पट बांध, असं त्याने फर्मावलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

तेव्हा कुठे रवळूच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा 'नाही' निघालं. बांधणार नाही, म्हणाला. आपला आवाज ऐकून तो स्वतःच दचकला. गाव रागावलं. आजवर सगळ्याला हो म्हणणारा माणूस आताच कसा उलटला, असं म्हणून त्यांनी हंगामाचं काम काढून खाडीपलीकडच्या म्हाताऱ्याला दिलं. शिंपी स्वतः जरतार घेऊन त्याच्याकडे गेला. म्हाताऱ्याने ती जरतार त्याच्या अंगावर फेकली, दार लावून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी आपले गळ पाठवून दिले. पांढऱ्या कोंबड्याची मोजकी पिसं, मेण लावलेला दोरा, शिशाचा मणी.

म्हाताऱ्याशी हुज्जत कोण घालणार? होड्यांनी तेच गळ लावले आणि भरून आल्या. त्या संध्याकाळी शिंपी मोठा कुपा खांद्यावर टाकून रवळूच्या पडवीपुढे थांबला. जुनं विसरून, दोन शब्द शिकवावेत अशा थाटात तो खाडीपलीकडे बोट करून म्हणाला, "ह्येका म्हणतत कारागीर. कोणाचाच आयकणा नाय!"

रवळूने सवयीने मान डोलावली. आतून मथुरेने भांडं आपटल्याचा आवाज आला.

तात्पर्य: भिडेपोटी गिळलेला नकार फुकट जात नाही, लोक त्यालाच आपली संमती समजतात, आणि मग आपलं खरंही त्यांना खोटं वाटतं.