डोंगरमाथ्यावरचा आवाज

या, शिरा गोधडीत. राघू, पाय आत घे. आणि मध्ये बोलायचं नाही, बरं का.

फार मागं, एका उंच डोंगराच्या पायथ्याशी वीरबाहू नावाचा राजा राहायचा. नाव एवढं दांडगं, पण उन्हं डोक्यावर आल्याशिवाय स्वारी काही डोळे उघडायची नाही. पलंगावरून पालखीत, पालखीतून सिंहासनावर, सिंहासनावरून पुन्हा पलंगावर. आठ भोई त्याला उचलायचे आणि आठही जण कण्हायचे. चालणं म्हणजे काय, ते राजाचे पाय विसरूनच गेले होते.

त्याला एक मुलगी होती, चारुमती. सात वर्षांची. आई नव्हती गं तिला. ती पहाटेच उठायची, बागेत हिंडायची आणि काय काय पाहिलं ते सांगायला बाबांच्या पलंगाशी धावत यायची.

"बाबा, ऐका ना."

राजा कूस बदलायचा. "नंतर, बाळा."

असं रोज. एक वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. मग एका सकाळी चारुमतीनं तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. ओठ हलतायत, पण शब्द नाही. वैद्य झाले, मांत्रिक झाले, मध आणि ज्येष्ठमध झालं. काही उपयोग नाही. पोर नुसती खिडकीत बसून राहायची. राजाच्या घशाखाली घास उतरेना.

तेव्हा डोंगरावर शेळ्या चारणारी भागाई दरबारात आली. म्हातारी, पण ताठ. म्हणाली, "महाराज, पोरीचा आवाज डोंगरमाथ्यावर आहे. ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून निघून गेला. दिवस उगवताना तेवढा बोलतो. मी रोज ऐकते, पण शब्द कळत नाहीत."

"मी आत्ता सरदार पाठवतो," राजा म्हणाला.

"शंभर पाठवा, तरी ते रिकामेच येतील. ज्याला सांगायचं होतं, त्यानंच यायला हवं. आणि स्वतःच्या पायांनी."

मग दुसऱ्या दिवशी राजा पहाटे उठला. जन्मात पहिल्यांदा. वीस पावलं चढला आणि मटकन खाली बसला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. तेवढ्यात उजाडलं, आवाजाची वेळ टळून गेली. राजा भोयांच्या देखत रडला.

भागाई शेजारी टेकली. "पाय मेले नाहीत, महाराज. झोपलेत. उद्या तीस पावलं चाला."

मग राजा रोज उठायला लागला. भागाईनं त्याला सूर्याला नमस्कार घालायला शिकवलं. आधी एक, मग तीन, मग बारा. बैठका शिकवल्या, लांब श्वास घ्यायला शिकवलं. पहिले पंधरा दिवस त्याचे गुडघे रात्रभर ठणकले. मग हळूहळू ठणका गेला. खरी भूक लागायला लागली, साधी भाकरीसुद्धा गोड लागू लागली. पाठ टेकली की झोप. मनावरचं मळभसुद्धा हटलं. भोयांनी पालखी माळ्यावर टाकून दिली.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. एके दिवशी राजा डोंगराच्या पहिल्या टप्प्यावर पोचला. आणि काय पाहिलं त्यानं? सगळं रान आळस देत होतं. मोठमोठे वृक्ष फांद्या वर ताणत होते, कंबर वाकवत होते, पुन्हा ताठ होत होते. वारा मात्र जराही नव्हता.

थंडी पडली तेव्हा तो दुसऱ्या टप्प्यावर गेला. तिथं कड्यावर हजारो पाखरं ओळीनं बसलेली. सगळ्यांची तोंडं उगवतीकडं. एकही पंख हलत नव्हता, सगळी मिळून श्वास घेत होती. राजा जिथल्या तिथं उभा राहिला.

आणि मग एकदाची आली ती पहाट. राजा चढला तो थेट माथ्यावर. खाली पांढऱ्या ढगांचा समुद्र. राज्य नाही, राजवाडा नाही, काही नाही. ढगांतून सोन्याची एक कड वर आली. सगळीकडे अशी शांतता, की राजाला स्वतःचं काळीज ऐकू येत होतं.

आणि आवाज आला. "बाबा, आज मैनेनं अंडी घातली. निळी आहेत. बाबा, माझा दात पडला. बाबा, मला स्वप्नात आई दिसली. तिनं माझी वेणी घातली."

दोन वर्षांच्या सगळ्या सकाळी होत्या त्या. राजा हात जोडून ऐकत राहिला. डोळ्यांना धार लागली होती, पण एक शब्द त्यानं सुटू दिला नाही. आणि सगळं सांगून होईपर्यंत सूर्यसुद्धा ढगांवर तसाच टेकून राहिला, बरं का. तसूभर वर सरकला नाही.

मग आवाज थांबला. राजा वळला आणि डोंगर उतरत सुटला. धावत. आठ माणसांना न पेलणारा राजा हरणासारखा पळत होता.

चारुमती वेशीपाशी उभी होती. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या पायाला केवढा चिखल लागलाय."

राजानं तिला उचलून खांद्यावर घेतलं. त्याला जराही धाप लागली नाही.

पुढं तो म्हातारा होईपर्यंत दोघं रोज पहाटे डोंगर चढायची आणि भागाईच्या शेळ्यांचं ताजं दूध पिऊन खाली यायची. सुखानं राहिली सगळी. आता तुम्ही मिटा बघू डोळे. राघू तर केव्हाच झोपला.