दोरखोलीतल्या चिठ्ठ्या

उदंडकेसरी महाराजांना उकडत होतं, एवढंच. ते म्हणाले, "जरा गार वाटू दे!" आणि दरबारात गुडघाभर पाणी शिरलं. प्रधानजींचे जोडे तरंगत थेट सिंहासनाशी आले.

राजवाड्याच्या दोरखोलीत बारा दोर होते. एक ओढला की पंखा हले, दुसऱ्याने कारंजं उडे, तिसऱ्याने हत्तीखान्याचं दार उघडे, चौथ्याने तलावाचा दरवाजा. तीस वर्षं कोंडिबा हे दोर ओढत होता. मग एका परदेशी कारागिराने महाराजांना एक लाकडी बाहुला नजर केला. भिंतीतल्या नळीतून हुकूम ऐकायचा, दोरांवरच्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि जुळेल तो दोर ओढायचा, एवढं त्याला येई. तो कधी रजा मागत नसे, त्यामुळे दरबाराला फार आवडला. कोंडिबाला घरी बसवलं.

चिठ्ठ्या लिहिल्या भारदेशास्त्रींनी, स्वतःच्या झोपाळ्यावर बसून. दोरखोली त्यांनी कधी पाहिली नव्हती. विद्वानाला त्याची गरज पडत नाही. तलावाच्या दोरावर त्यांनी लिहिलं, 'श्रीमन्महाराजांच्या प्रतापे सकल जनांस शीतलता देणारा परममंगल दोर.' पंख्याच्या आणि कारंज्याच्या दोरांवरही हेच. फक्त एक 'अतिमंगल' आणि दुसरा 'महामंगल'.

"बाहुला चुकत नाही आणि शास्त्री तर नाहीच नाही!" महाराज पीतांबर पिळत गरजले. "म्हणजे कोंडिबाने दोर चुकीचे बांधलेत! घालवा त्याला राज्याबाहेर!"

कोंडिबाची मुलगी येसू पुढे आली. "महाराज, दोर ठीक आहेत. चिठ्ठ्या बिघडल्यात."

"माझ्या चिठ्ठ्या?" शास्त्री ओल्या उपरण्यासकट उसळले. "त्यातला एकेक समास बघ, पोरी!"

"समास झकास आहेत, शास्त्रीबुवा. पण दोर ओढल्यावर काय होतं, ते कुठं लिहिलंय?"

"इतकी क्षुल्लक गोष्ट मी लिहायची?"

महाराजांना पैजेची भारी हौस. "उद्या दुपारी मी पाच हुकूम सोडीन! बाहुल्याला हात लावायचा नाही, दोर हलवायचे नाहीत. फक्त चिठ्ठ्या बदल. पाचही बरोबर आले तर तुझा बाप राहील. एक जरी चुकला, तर तूही त्याच्याबरोबर चालू लाग!"

येसूने शास्त्रींना काहीच विचारलं नाही. ती माळ्याकडे गेली, माहुताकडे गेली, नगारेवाल्याकडे गेली. प्रत्येकाला दोनच प्रश्न: "दोर ओढला की काय होतं? आणि कधी ओढला तर पंचाईत होते?" दुसऱ्या प्रश्नावर माहूत तासभर बोलला.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. प्रधानजी जोडे हातातच घेऊन आले.

"गार वाटू दे!" पंखा हलला.

"हत्ती बाहेर काढा!" हत्तीखान्याचं दार उघडलं.

"सरदारांना बोलवा!" नगारा वाजला.

"अजून गार! खूप गार!" महाराज ओरडले. सगळ्या दरबाराने पाय वर घेतले. पण बाहेर नुसतं कारंजं उडालं. शास्त्री धावत जाऊन तलावाच्या दोरावरची चिठ्ठी घेऊन आले आणि तोंड वाकडं करून वाचू लागले: "'तलावाचा दरवाजा उघडतो. पाणी दरबारात शिरतं. वाड्याला आग लागली तरच ओढावा. महाराजांना कितीही उकडत असलं तरी ओढू नये.' शी! एक अलंकार नाही!"

"पाणीही नाही," प्रधानजी म्हणाले आणि त्यांनी जोडे घातले.

राहिला शेवटचा हुकूम. महाराज बेरकी हसले. "आता... ते कर!"

कोंडिबाने डोळे मिटले. सरदारांनी नेहमीप्रमाणे सगळं कळल्यासारख्या माना डोलावल्या. तेवढ्यात सिंहासनाखाली वाजलं... ठण!

महाराज टुणकन उडाले. "हे काय?"

"बारावा दोर, महाराज," येसू म्हणाली. "तो पहिल्यापासूनच सिंहासनाखालच्या जुन्या घंटेला बांधलेला आहे. त्यावर लिहिलंय, 'हुकूम कळला नाही तर हा ओढावा. अंदाजाने दुसरा कुठलाही ओढू नये.'"

"म्हणजे माझा हुकूम न कळण्यासारखा होता?"

"मला काय ठाऊक! या सरदारांना कळलाय. त्यांनाच विचारा ना, 'ते' म्हणजे काय!"

सरदार छताकडे बघू लागले. एकाला खोकला आला.

महाराजांनी एकेकाचं तोंड पाहिलं आणि पोट धरून हसत सुटले. "पोरी, वीस वर्षं राज्य करतोय! 'कळलं नाही' म्हणणारा दरबारात हा पहिलाच, आणि तोही लाकडी! कोंडिबा, तू दोरखोलीचा मुख्य! शास्त्रीबुवा, उद्यापासून हिच्या चिठ्ठ्यांच्या नकला करा! आणि या येसूला काय हवं ते द्या!"

ठण!

महाराज वरमले. मग नळीशी वाकून सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "नदीकाठची वीस बिघे जमीन. येसूच्या नावे. आजच."

घंटा वाजली नाही.