साळूचे अर्धे स्वेटर

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात, करवंदीच्या जाळीमागे, एक साळू राहत असे. एकटीच राहत असे, हे मुलांनो, मी आधीच सांगून ठेवते. कारण पुढे तिच्या दाराशी इतकी वर्दळ दिसेल की तुमचा गैरसमज व्हायचा. साळूच्या अंगावर लांब लांब काटे असतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्या काट्यांनी तिने कधी कोणाला दुखावले नव्हते. पण तिच्यासमोर जो तो अंग चोरून उभा राही आणि दोन शब्द बोलून वाटेला लागे.

साळूला विणकाम मात्र सुरेख येई. अंगावरचे काटे गळून पडले की घासूनपुसून ती त्यांच्याच सुया करी. जंगलाच्या कडेने मेंढ्यांचे कळप जात, त्यांची लोकर बोरी-बाभळींना अडकून राही. ती वेचून आणायची, पिंजायची आणि वळून तिचे गुंडे करायचे, हा तिचा उद्योग. तिचा एक नियमही होता. दोऱ्याने माप घेणे तिला मुळीच पसंत नव्हते. विणलेला तुकडा ज्याचा त्याच्या अंगाला लावून बघितल्याशिवाय ती पुढची ओळ घालत नसे. "दोऱ्याला काय कळतंय? अंगाला लावलं की कळतं," असे ती म्हणे.

तिने पहिला स्वेटर विणला तो एका खारीसाठी. खार मोठी चळवळी. ती रोज यायची, साळूच्या पुढ्यात उभी राहून पाठ लावून बघायची, गळा लावून बघायची आणि तोंडाचा पट्टा चालूच ठेवायची. साळू आपले काटे जितके चापून बसवता येतील तितके बसवी आणि खारीच्या खांद्यावरून हात फिरवून टाके सारखे करी. इतक्या जवळ तिच्या कोणी आलेच नव्हते. ते दिवस साळूला फार आवडले. मग एके दिवशी स्वेटर पुरा झाला. "फार छान झालाय हं," असे म्हणत खारीने तो अंगात घातला, शेपटी उडवली आणि ती झाडावर चढून गेली.

दुसऱ्या दिवशी साळूने दारापुढे झाडून घेतले आणि ती वाट बघत बसली. खार आली नाही. नंतरही आली नाही. वरच्या फांद्यांवरून तिची किचकिच ऐकू यायची. साळू मान वर करून बघायची, तेवढ्यात खार पलीकडच्या झाडावर गेलेली असायची. साळूला फार वाईट वाटले. तिने मनाशी एक गाठ बांधली. स्वेटर संपला की सोबत संपते. मग स्वेटर संपवायचाच कशाला?

तेव्हापासून साळूने एकाच वेळी कितीतरी कामे अंगावर घेतली. सशाचा स्वेटर सुयांवर घातला. वानरिणीचा, पुढे रिठ्याच्या बियांची बटणे लावायचा, कार्डिगन घातला. एका लाजाळू भेकराचा स्वेटर घातला आणि एका म्हाताऱ्या मुंगसाचाही घातला. सगळ्यांची कामे सुयांवर, सगळ्यांची अर्धी. कोणी येताना दिसले की ती त्याचाच तुकडा चटकन मांडीवर घेई आणि म्हणे, "बघ, आत्ता तुझंच हातात घेतलं होतं." आलेल्याला बरे वाटे. तो अंगाला लावून बघे, थोडा टेके, इकडचे तिकडचे बोले. तो गेला की साळू सुई काढून घेई आणि विणलेल्या ओळी सावकाश उसवून टाकी. पुढच्या खेपेला सांगायला काहीतरी तयार असेच. कधी गळा घट्ट झालेला असे, कधी टाका गळलेला असे, कधी काज चुकीच्या जागी पडलेले असे.

ससा उतावळा होता. "अजून नाही झाला?" असे विचारत तो यायचा आणि उभ्या उभ्याच निघायचा. वानरीण स्वतःच्याच गोष्टी सांगायची, तिला कार्डिगनची आठवण जाताना व्हायची. "किती कामं एकदम सांभाळतेस गं," असे मात्र सगळेच म्हणत. ते ऐकून साळूला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे वाटे. पण सगळे परतले, उन्हे उतरली आणि उसवलेली लोकर पुन्हा गुंडाळायला घेतली, की तिला भारी एकटे वाटायचे. दिवसभर दार भरलेले आणि मन रिते, हे तिचे तिलाच उमगत नसे.

त्यातल्या त्यात मुंगूस यायचा तो दिवस बरा जाई. मुंगूस फार बोलत नसे. येताना वाटेत दिसलेली लोकर घेऊन यायचा आणि दगडावर बसून सुयांकडे बघत राहायचा. त्याच्या बिळातही त्याच्याखेरीज कोणी उरलेले नव्हते. त्याचा स्वेटर पुरा होत आला होता, फक्त डावी बाही राहिली होती. आणि गंमत बघा मुलांनो, जो पाहुणा साळूला सगळ्यांत हवासा होता, त्याचीच बाही ती सगळ्यांत जास्त वेळा उसवत होती.

त्या वर्षी थंडी लवकर आली आणि आली ती एकदम कडाक्याची. गवतावर हिंव पडू लागले, ओढ्याकाठचा चिखल टणक झाला. साळूला आनंदच झाला. आता सगळ्यांना स्वेटरची निकड लागणार, आता सगळे रोज येणार. तिने दारापुढे पालापाचोळा अंथरला, सगळे अर्धे स्वेटर ओळीने मांडून ठेवले आणि ती बसून राहिली. त्या दिवशी कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशीही वाट रिकामीच. वारा तेवढा करवंदीच्या जाळीतून येई आणि लोकरीचे गुंडे घरंगळत नेई. साळू ते परत आणून ठेवी.

"थंडीत स्वेटर नको, तर मग कधी हवा यांना?" ती स्वतःशीच म्हणाली. स्वतःचाच आवाज ऐकून तिला रडू आले.

अशात एका दुपारी झाडावरून सरसर कोणीतरी उतरले. बघते तो खार. अंगात तोच पहिला स्वेटर, कोपरांवर जरा विरलेला. साळूला राग आला, आणि रागाच्या खालून आनंदही झाला.

"तू बरी आलीस," साळू म्हणाली. "बाकीचे कुठे मेलेत?"

"येतील कसे?" खार म्हणाली. "सगळे आपापल्या ढोलीत नि बिळात आखडून बसलेत. या गारठ्यात बाहेर पडायला अंगात काही नको? साऱ्या जंगलात मी एकटी हिंडतेय, ती या तुझ्या स्वेटरच्या जिवावर."

साळूने खारीच्या विरलेल्या कोपरांकडे बघितले. मग हळूच म्हणाली, "तू इतके दिवस का नाही आलीस?"

"तू कुठे बोलावलंस? 'अंगाला लावून बघायला ये' एवढंच म्हणायचीस. लावून झालं, स्वेटर झाला. त्यात तुझ्याकडे ही गर्दी. म्हटलं, आपण उगाच मध्ये कशाला कडमडा." खारीने मांडून ठेवलेले स्वेटर बघितले आणि तिची शेपटी खाली आली. "त्या म्हाताऱ्या मुंगसाचा यातला कुठला? परवा त्याच्या बिळातून खोकल्याचा आवाज येत होता. काल येत होता. आज येत नाहीये."

 साळूने मुंगसाचा स्वेटर ओढून घेतला आणि सुया चालवायला सुरुवात केली. सुलट, उलट, सुलट, उलट. खार काहीतरी बोलत होती, साळूचे लक्ष नव्हते. ज्या बाहीला आख्खा पावसाळा पुरला नव्हता, ती बाही दुपार कलायच्या आत झाली. साळूने शेवटचा टाका बंद केला. किती सोपे होते हे, असे तिला वाटले, आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आजवर ती कोणाच्या घरी गेली नव्हती. काटे कोणाला लागतील म्हणून जायचेच टाळी. आज ती स्वेटर तोंडात धरून धावत सुटली. मुंगसाचे बीळ अरुंद होते. तिने बाहेरून हाक मारली, "मुंगूसदादा, ओ मुंगूसदादा." आतून काही उत्तर आले नाही. मग ती तशीच आत घुसली. बिळाच्या तोंडाशी तिचे काटे खरडले गेले, दोन-चार तुटलेही. मुंगूस कोपऱ्यात मुटकुळे करून पडला होता. हात लावला तर अंग गार, पण श्वास चालू होता. तिने त्याच्या डोक्यातून स्वेटर घातला, एक हात बाहीत सरकवला, मग दुसरा. मग काटे मागे चापून ती त्याच्या पाठीशी बसून राहिली.

बऱ्याच वेळाने मुंगूस हलला. डाव्या हाताकडे बघून म्हणाला, "झाली का बाही?"

"झाली."

"मला वाटलं होतं, थंडी सरल्यावर होईल."

साळूला राहवेना. "दादा, तुमची बाही मीच उसवत होते. तुम्ही गेलात की दर वेळी उसवायची. स्वेटर झाला की तुम्ही यायचे नाहीत, म्हणून."

"ठाऊक आहे मला," मुंगूस म्हणाला. "उसवलेली लोकर वेडीवाकडी राहते गं. कोरी सरळ असते. मी बसून तेच तर बघत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

मुंगसाला खोकला आला. तो ओसरल्यावर तो म्हणाला, "बोललो असतो तर तू बाही पुरी करून दिली असतीस. मग मी काय निमित्त काढून आलो असतो?"

 बाहेर अंधारून आले होते. साळूला वाटले, आपण दोघे एकाच दगडाजवळ बसायचो, एकाच दुःखाने, आणि मधे ती एक बाही धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवसापासून साळूने एकेक काम हातात घेतले आणि एकेकच संपवले. जो स्वेटर पुरा होई, तो ती स्वतः नेऊन देई. कोणीही अंगाला लावून बघायला यायची गरज नव्हती. इतक्यांदा लावून झाले होते की सगळ्यांची मापे तिला तोंडपाठ होती. सशाने स्वेटर हिसकावून घेतला. "कुडकुडून जीव गेला असता माझा. आता आणतेस?" असे म्हणून त्याने पाठ फिरवली. साळूने ते ऐकून घेतले, कारण त्याचे चुकत नव्हते. वानरिणीने बटणे लावून बघितली आणि एक बटण तिरके बसल्याचे सांगितले. भेकराने मान खाली घालून स्वेटर घेतला आणि ते झाडीत दिसेनासे झाले.

मग सगळे संपले. सुया मोकळ्या झाल्या, मांडी मोकळी झाली. साळू दारात बसली तेव्हा हातांचे काय करावे, हे तिला कळेना. जंगलात जो तो स्वेटर घालून हिंडत होता आणि तिच्या वाटेला कोणी फिरकत नव्हते. ससा तर पुन्हा कधीच आला नाही. भेकर पाण्यावर जाताना लांबून एकदा थबकायचे, इतकेच. एकदा साळूने कोपऱ्यातला उरलेला गुंडा काढला, सुईवर नवे टाके घालायला घेतले. कोणासाठी, हेही ठरले नव्हते. थोडे टाके पडल्यावर ती थांबली. तिने ते सगळे काढून टाकले आणि गुंडा परत ठेवून दिला. असे तिचे पुष्कळ दिवस गेले, आणि ते बरे गेले असे मी तुम्हाला खोटे सांगणार नाही.

एका सकाळी चांगले ऊन पडले होते. वाटेवरून कोणीतरी हळूहळू येत होते. मधेच थांबून खोकत होते. साळूने मान उंचावून बघितले. मुंगूस होता, स्वेटर घातलेला, हातात लोकर नाही की काही नाही.

साळूचा हात आपोआप सुयांकडे गेला. "काय झालं दादा? काखेत घट्ट होतोय का? की गळा सैल पडला?"

"छे, छान बसलाय."

"मग?"

"मग काय," मुंगूस म्हणाला. "आलो."

आणि तो नेहमीच्या दगडावर न बसता साळूच्या शेजारी उन्हात येऊन बसला.

तात्पर्य : दुसऱ्याचे काम अडवून ठेवले तर त्याची ये-जा मिळते, सोबत मिळत नाही. ज्याचे त्याला वेळेवर देऊन मोकळे करावे. मग थोडे येतील, कदाचित एकच येईल, पण जो येईल तो आपल्यासाठी येईल.